प्लग-इन हायब्रिड गाडी लीजवर घेताना ट्रिमची निवड कशी करावी?

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
- लीजचा मासिक हप्ता कोणत्या दोन भागांनी बनतो हे सांगता येईल;
- दोन ट्रिमच्या छापील किमतींतील फरक आणि हप्त्यांतील फरक वेगळे का असतात हे उदाहरणासह मांडता येईल;
- प्लग-इन हायब्रिड गाडीच्या वरच्या ट्रिममध्ये कामाचे काय मिळते आणि दिखाव्याचे काय, हे ओळखता येईल;
- लीजचा करार वाचून त्यातील न सांगितलेला व्याजदर काढता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, घरात नवी गाडी घ्यायचे ठरले की कोणीतरी अनुभवी माणूस हमखास सांगतो, "घ्यायचीच आहे तर टॉप मॉडेल घ्या, विकताना किंमत चांगली येते." या सल्ल्यामागे दोन गृहीतके आहेत. पहिले, गाडी आपल्या मालकीची असणार. दुसरे, ती आपणच विकणार. लीजच्या व्यवहारात ही दोन्ही गृहीतके गळून पडतात. गाडी लीज कंपनीच्या मालकीची राहते, आपण ठरावीक महिने ती वापरतो आणि परत करतो. म्हणून ट्रिम निवडण्याचे गणितही बदलते.

एकाच गाडीच्या कमी-अधिक सोयींच्या आवृत्त्यांना आपण भारतात व्हेरियंट म्हणतो. अमेरिकेत त्यांनाच ट्रिम म्हणतात. या घटकातील उदाहरण अमेरिकेतले आहे. भारतात प्लग-इन हायब्रिड गाड्या मोजक्या आणि महागड्या वर्गातच मिळतात. अमेरिकेत त्या मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचल्या आहेत आणि गाडी लीजवर घेणे तेथे नित्याचे आहे. मराठी घरांशीही याचा थेट संबंध आहे. कंपनीच्या कामासाठी एल-१ किंवा एच-१बी व्हिसावर गेलेल्या माणसाला पहिली परवानगी साधारणपणे जास्तीत जास्त तीन वर्षांची मिळते, आणि लीजची प्रचलित मुदतही ३६ महिन्यांची असते. त्यामुळे नव्याने गेलेल्या अनेकांना लीज सोयीची वाटते. पहिल्याच महिन्यात शोरूममध्ये बसून "वरचे ट्रिम फक्त साठ डॉलरनी जास्त" हे वाक्य ऐकावे लागते. ते साठ डॉलर कोठून आले हे समजून घेणे हा या घटकाचा गाभा आहे.

२. प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय?

साध्या हायब्रिड गाडीत छोटी बॅटरी असते. ती इंजिनाच्या आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या बळावर गाडीतच चार्ज होते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी त्याहून मोठी असते व ती भिंतीवरच्या सॉकेटला जोडून चार्ज करता येते. पहिले काही मैल गाडी केवळ विजेवर धावते. बॅटरी उतरली की ती साध्या हायब्रिडसारखी पेट्रोलवर चालू लागते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. प्लग-इन हायब्रिडचा फायदा तिला नियमित चार्ज करण्यावर अवलंबून आहे. चार्ज न केलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे जास्त वजनाची, जास्त किमतीची साधी हायब्रिड.

३. लीजचा हप्ता कसा बनतो?

मासिक हप्त्याचे दोन मुख्य भाग असतात.

अ) घसारा. गाडीची ठरलेली किंमत आणि मुदतीच्या शेवटी धरलेली किंमत यांतील फरक तुम्ही महिन्यामहिन्याने भरता. शेवटी धरलेल्या किमतीला उर्वरित मूल्य म्हणतात. हे मूल्य लीज कंपनी आधीच ठरवते आणि ते छापील किमतीच्या टक्क्यांत सांगते.

मासिक घसारा = (ठरलेली किंमत − उर्वरित मूल्य) ÷ महिने

आ) वापरलेल्या पैशाचे भाडे. लीज कंपनीचे पैसे गाडीत अडकलेले असतात, त्यांचे हे व्याज. ते मनी फॅक्टर नावाच्या छोट्या दशांश संख्येने मोजतात.

मासिक भाडे = (ठरलेली किंमत + उर्वरित मूल्य) × मनी फॅक्टर

येथे विद्यार्थी नेहमी अडखळतात. व्याज काढताना दोन किमतींची बेरीज का? कारण अडकलेली रक्कम सुरुवातीला पूर्ण किमतीइतकी आणि शेवटी उर्वरित मूल्याइतकी असते. तिची सरासरी म्हणजे बेरजेचा अर्धा भाग. या सरासरीवर वार्षिक व्याज लावून त्याला १२ ने भागले की महिन्याचे व्याज मिळते. २, १२ आणि टक्क्यांचे १०० यांचा गुणाकार २,४०० होतो. म्हणून मनी फॅक्टरला २,४०० ने गुणले की वार्षिक व्याजदर टक्क्यांत कळतो. मनी फॅक्टर ०.००२५ म्हणजे ६ टक्के.

४. सोडवलेले उदाहरण

पुढील आकडे समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. खालच्या ट्रिमची (क) छापील किंमत ३४,००० डॉलर आणि वरच्या ट्रिमची (ख) ३८,००० डॉलर आहे. मुदत ३६ महिने, मनी फॅक्टर ०.००२५. किमतीत सूट नाही. कर व इतर शुल्क तूर्त बाजूला ठेवू.

ट्रिम क, उर्वरित मूल्य ६० टक्के म्हणजे २०,४०० डॉलर:
घसारा = १३,६०० ÷ ३६ = ३७७.७८
भाडे = ५४,४०० × ०.००२५ = १३६.००
हप्ता = ५१३.७८ डॉलर

आता ट्रिम ख तीन वेगवेगळ्या उर्वरित मूल्यांनी तपासू.

| ख चे उर्वरित मूल्य | घसारा | भाडे | हप्ता | क पेक्षा जास्त, दरमहा | ३६ महिन्यांत |
|---|---|---|---|---|---|
| ६४ टक्के | ३८०.०० | १५५.८० | ५३५.८० | २२.०२ | सुमारे ७९३ |
| ६० टक्के | ४२२.२२ | १५२.०० | ५७४.२२ | ६०.४४ | सुमारे २,१७६ |
| ५६ टक्के | ४६४.४४ | १४८.२० | ६१२.६४ | ९८.८६ | सुमारे ३,५५९ |

तक्ता नीट पाहा. तिन्ही ओळींत गाडी तीच, छापील किमतीतील फरक तोच ४,००० डॉलरचा. तरीही वरच्या ट्रिमची तीन वर्षांची खरी किंमत एका ठिकाणी ७९३ डॉलर आहे तर दुसऱ्या ठिकाणी ३,५५९ डॉलर. म्हणजे लीजमध्ये तुम्ही ट्रिमची किंमत भरत नाही, तिची घसरण भरता. ज्या ट्रिमचे मूल्य टिकते ते महाग असूनही स्वस्त पडू शकते. ज्याचे मूल्य लवकर उतरते ते फारसे महाग नसूनही खिसा रिकामा करते.

आता सूट विचारात घेऊ. उर्वरित मूल्य छापील किमतीवर ठरलेले असल्यामुळे विक्रेत्याने दिलेली सूट थेट घसाऱ्यातून वजा होते. ख वर १,८०० डॉलर सूट मिळाली तर घसारा दरमहा ५० डॉलरनी आणि भाडे ४.५० डॉलरनी कमी होते. उर्वरित मूल्य ६४ टक्के असेल तर ख चा हप्ता ४८१.३० डॉलर होतो, म्हणजे विनासूट क पेक्षाही ३२.४८ डॉलरनी कमी! म्हणून "लीजवर घेताना नेहमी खालचे ट्रिम घ्यावे" हाही नियम नाही. प्रत्येक ट्रिमसाठी विक्रेत्याकडून तीन आकडे मागावेत: ठरलेली किंमत, उर्वरित मूल्याचा टक्का आणि मनी फॅक्टर. हे तीन आकडे हाती आले की बाकीचे काम कागद-पेन्सिलीचे.

एक इशारा. उर्वरित मूल्य जास्त असेल तर हप्ता कमी होतो, पण मुदतीच्या शेवटी गाडी विकत घ्यायची ठरवली तर तेच मूल्य तुमची खरेदी किंमत असते. गाडी परत करणार की ठेवणार, हे साधारण आधीच ठरवलेले बरे.

५. ट्रिम बदलले की गाडीत काय बदलते?

हप्त्यांतील फरक कळला. आता त्या फरकाच्या बदल्यात काय मिळते ते पाहू. यासाठी २०२३ साली नव्या रूपात आलेली टोयोटा प्रियस प्राइम घेऊ. तिची तीन ट्रिम होती: एसई, एक्सएसई आणि एक्सएसई प्रीमियम. जाहीर किमती साधारण ३२,००० डॉलरपासून ३९,००० डॉलरपर्यंत होत्या.

तिन्ही ट्रिममध्ये समान काय होते? १३.६ किलोवॅट-तासांची बॅटरी, २२० अश्वशक्तीची यंत्रणा, टोयोटाची चालक-साहाय्य सुरक्षा प्रणाली आणि ३.५ किलोवॅटचा गाडीतला चार्जर. म्हणजे गाडीचे मूळ काम करणारे भाग तिन्हींत सारखेच. रिकामी बॅटरी १२० व्होल्टच्या घरगुती सॉकेटवर सुमारे ११ तासांत आणि २४० व्होल्टवर सुमारे ४ तासांत भरते. वरचे ट्रिम घेतल्याने ती लवकर भरत नाही.

वेगळे काय होते? एक्सएसईला कृत्रिम चामड्याच्या गरम होणाऱ्या आसनांसारख्या सोयी होत्या, प्रीमियमला १२.३ इंचांचा पडदा, चांगली ध्वनियंत्रणा आणि काचेचे छप्पर. याशिवाय एसईला १७ इंचांची चाके होती, तर वरच्या दोन ट्रिमना १९ इंचांची. हा शेवटचा फरक सजावटीचा वाटतो, पण परिणाम पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीनुसार:

| | एसई | एक्सएसई |
|---|---|---|
| विजेवरील पल्ला | ४४ मैल | ३९ मैल |
| विजेवर, गॅलन-समतुल्य मैल | १२७ | ११४ |
| पेट्रोलवर, गॅलनला मैल | ५२ | ४८ |

जास्त पैसे मोजून घेतलेली गाडी विजेवर कमी अंतर जाते! याचे पैशांतले मोल किती? समजा तुम्ही वर्षाला १२,००० मैल चालवता. त्यांपैकी ८,००० विजेवर आणि ४,००० पेट्रोलवर. वीज युनिटला २० सेंट आणि पेट्रोल गॅलनला ३.५० डॉलर धरू. एका गॅलनची ऊर्जा ३३.७ किलोवॅट-तास मानली जाते. त्यावरून एसईला सुमारे २,१२३ युनिट आणि एक्सएसईला सुमारे २,३६५ युनिट लागतात. फरक २४२ युनिटांचा, म्हणजे ४८ डॉलर. पेट्रोलचा फरक सुमारे ६.४ गॅलनचा, म्हणजे २२ डॉलर. वर्षाला ७० डॉलर, तीन वर्षांत २१० डॉलरच्या आसपास. रक्कम मोठी नाही, पण ती वरच्या ट्रिमच्या खर्चात मिळवायची आहे, वजा करायची नाही. १९ इंचांचे टायरही सहसा महाग असतात. मोठी रिम फुटपाथला घासली तर गाडी परत करताना तो ओरखडा "जादा झीज" म्हणून बिलात लागू शकतो.

याउलट उदाहरण टोयोटाच्याच रॅव्ह-४ प्राइमचे. २०२१ साली आलेल्या या गाडीत ३.३ किलोवॅटचा चार्जर मिळे, ६.६ किलोवॅटचा हवा असेल तर वरच्या एक्सएसई ट्रिमवर प्रीमियम पॅकेज घ्यावे लागे. त्यामुळे २४० व्होल्टवर बॅटरी साडेचारऐवजी अडीच तासांत भरे. म्हणजे येथे वरच्या ट्रिमबरोबर कामाची वस्तू मिळत होती. पण ती तुमच्या कामाची आहे का? गाडी रात्रभर दारात उभी राहत असेल तर अडीच आणि साडेचार तासांत व्यवहारात काही फरक नाही. दुपारी घरी येऊन संध्याकाळी पुन्हा निघायचे असेल तर आहे.

यावरून सूत्र असे: ट्रिमच्या यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे "ही मला पुढच्या ३६ महिन्यांत किती दिवस वापरायची आहे?" असे लिहावे. कडाक्याची थंडी पडणाऱ्या मिनेसोटात गरम आसन वर्षातले पाच महिने वापरले जाईल. थंडीत विजेवरील पल्ला घटतो, म्हणून तेथे रोजच्या फेरीपेक्षा पल्ला थोडा जास्तच असलेला बरा. दक्षिण कॅलिफोर्नियात तेच आसन फारसे वापरले जाणार नाही.

६. पल्ला आणि चार्जिंग: निर्णयाचा पहिला प्रश्न

तुमची घर ते कार्यालय आणि परत अशी फेरी ४२ मैलांची असेल तर एसई ती पूर्ण विजेवर करते. एक्सएसईला शेवटचे तीन मैल पेट्रोल लागते. फेरी २५ मैलांची असेल तर दोन्ही ट्रिम सारखीच. फेरी ७० मैलांची असेल तर दोन्ही पेट्रोल जाळणार.

पण त्याआधीचा प्रश्न वेगळाच आहे: रात्री गाडी जेथे उभी राहणार तेथे सॉकेट आहे का? नव्याने गेलेली बहुतेक कुटुंबे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात आणि उघड्या पार्किंगमध्ये सॉकेट असतेच असे नाही. घरमालकाला लेखी विचारल्याशिवाय प्लग-इन हायब्रिडच्या ट्रिमची चर्चाच करू नये. सॉकेट नसेल तर २०२३ च्याच साध्या प्रियसचे एलई ट्रिम गॅलनला ५७ मैल देत होते, म्हणजे चार्ज न केलेल्या प्राइमच्या दोन्ही ट्रिमपेक्षा जास्त, आणि किमतीलाही ते कमी होते.

७. करार वाचताना

अमेरिकेत १९७६ चा ग्राहक लीज कायदा आणि त्याखालील रेग्युलेशन एम यांनुसार लीज कंपनीला एकूण किंमत, उर्वरित मूल्य, घसारा व भाड्याची एकूण रक्कम करारात दाखवावी लागते. मनी फॅक्टर मात्र दाखवावाच लागतो असे नाही. तो तुम्ही काढू शकता. आपल्या ट्रिम क चे ३६ महिन्यांचे एकूण भाडे ४,८९६ डॉलर. त्याला ३६ ने भागले की १३६, आणि १३६ ला ५४,४०० ने भागले की ०.००२५. अमेरिकेत नव्याने गेलेल्यांचा पतइतिहास कोरा असल्यामुळे त्यांना बऱ्याचदा जास्त दर लावला जातो, म्हणून हा हिशेब करणे आवश्यक आहे. दोन ट्रिमना वेगळा दर लावलेला असेल तर तोही यातून उघड होतो.

आणखी चार बाबी तपासाव्यात.

- मैलांची मर्यादा. वर्षाला १०,०००, १२,००० किंवा १५,००० मैल अशी मर्यादा असते. त्यापुढच्या प्रत्येक मैलाला दंड बसतो. मैलाला २० सेंट दंड धरला तर वर्षाला २,००० मैल जास्त चालवणाऱ्याला तीन वर्षांनी १,२०० डॉलर भरावे लागतील. हे तक्त्यातल्या ६४ टक्क्यांच्या ट्रिमपेक्षाही महाग. पैसे ट्रिमवर घालायचे की मैलांवर, हाही निवडीचा भाग आहे.
- विक्रीकर. अनेक राज्यांत तो मासिक हप्त्यावर लागतो. टेक्सासात तो ६.२५ टक्के दराने गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो आणि सहसा ग्राहकाकडून वसूल होतो. तेथे ४,००० डॉलरच्या फरकावर २५० डॉलर जादा कर बसतो, उर्वरित मूल्य कितीही असो.
- सुरुवातीची मोठी रक्कम. ती भरल्याने हप्ता लहान दिसतो, खर्च फारसा कमी होत नाही. पहिल्याच महिन्यात अपघातात गाडी निकामी झाली तर ती रक्कम बहुधा परत मिळत नाही. ट्रिमची तुलना नेहमी शून्य आगाऊ रकमेवर करावी.
- मुदतपूर्व समाप्ती. बदली किंवा व्हिसाच्या कारणाने मध्येच भारतात परतावे लागले तर करार मोडण्याचा खर्च मोठा असतो. हप्ता जितका मोठा तितके हे ओझे मोठे. परतण्याची तारीख पक्की नसेल तर हा धोका जमेस धरावा.

जुने सल्ले वाचतानाही सावध राहा. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमधील व्यावसायिक वाहनांची कर-सवलत लीज कंपनीला मिळत असे. हलक्या वाहनांसाठी तिची कमाल मर्यादा ७,५०० डॉलर होती. अनेक कंपन्या ती पूर्ण किंवा काही अंशी हप्त्यात वळती करत. व्यक्तीने खरेदी केलेल्या गाडीच्या सवलतीला उत्तर अमेरिकेत जुळणी झालेली असण्याची अट होती. लीजच्या मार्गाला ती नव्हती. म्हणून जपानमध्ये बनणाऱ्या प्रियस प्राइमसारख्या गाड्या लीजवर घेणे त्या काळात आकर्षक होते. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ही सवलत नाही. त्यापूर्वीचे स्वस्त हप्ते आजच्या तुलनेसाठी वापरू नयेत.

८. सारांश

लीजवर प्लग-इन हायब्रिडचे ट्रिम निवडताना क्रम असा ठेवावा. प्रथम सॉकेट आहे का ते पाहावे. नंतर रोजची फेरी आणि विजेवरील पल्ला जुळवावा. मग प्रत्येक ट्रिमचे तीन आकडे घेऊन ३६ महिन्यांचा एकूण खर्च काढावा. शेवटी त्या खर्चाच्या फरकासमोर वरच्या ट्रिममधल्या आपण खरोखर वापरणार असलेल्या गोष्टी लिहाव्यात. फरक ७९३ डॉलरचा असेल आणि गरम आसन रोज लागणार असेल तर वरचे ट्रिम घेण्यात उधळपट्टी नाही. फरक ३,५५९ डॉलरचा असेल आणि बदल्यात काचेचे छप्पर व मोठी चाके मिळणार असतील, तर तेवढ्या रकमेत एका माणसाचे भारतात जाऊन-येऊन विमानाचे तिकीट सहसा निघते, हे लक्षात घ्यावे. "विकताना किंमत येते" हा घरचा सल्ला लीजमध्येही खोटा नाही. फक्त ती किंमत आपल्याला नंतर मिळत नाही, उर्वरित मूल्याच्या रूपाने आधीच करारात लिहिलेली असते. ती वाचायला शिकणे एवढेच आपले काम.

भारतात कंपनीमार्फत कार लीजची योजना घेणाऱ्यांनाही घसारा, उर्वरित मूल्य आणि व्याज यांचा हाच हिशेब उपयोगी पडेल, गाडी कोणत्याही इंधनावर चालणारी असो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. छापील व ठरलेली किंमत ४०,००० डॉलर, उर्वरित मूल्य ५८ टक्के, मुदत ३६ महिने, मनी फॅक्टर ०.००२. मासिक हप्ता व वार्षिक व्याजदर काढा. (उत्तर: ५९३.०७ डॉलर, ४.८ टक्के)
२. मनी फॅक्टरला २,४०० ने का गुणतात ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. उर्वरित मूल्य जास्त असणे कोणाला फायद्याचे व कोणाला तोट्याचे? गाडी परत करणारा आणि शेवटी विकत घेणारा अशा दोन्ही ग्राहकांचा विचार करा.
४. तुमची रोजची फेरी ३० मैलांची आहे आणि रात्री १२० व्होल्टचे सॉकेट उपलब्ध आहे. प्रियस प्राइमच्या एसई आणि एक्सएसई यांपैकी काय निवडाल? कारणे क्रमाने लिहा.